लातूरची पाणीटंचाई (२०१६)

२०१६ सालची लातूरची पाणीटंचाई हे मराठवाड्यातील दुष्काळ निसर्गनिर्मित की मानवनिर्मित, या वादातील ठळक उदाहरण आहे. २०१४ व २०१५ अशी सलग दोन वर्षे पाऊस अपुरा झाला आणि शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले. पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागू करावी लागली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन ‘जलदूत’ ही पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली.

पावसाने ओढ दिल्यामुळेच टंचाई उद्भवली, असे एक मत आहे. त्याच वर्षीच्या जोरदार पावसाने धरण पुन्हा भरले, हा दाखला त्यासाठी दिला जातो. तो अर्धवट आहे, कारण धरण भरले म्हणजे भूजल भरले असे होत नाही. येथील बेसाल्ट खडकात पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात व भेगांतच साठते. खोल विंधन विहिरींनी उपसलेले पाणी एका पावसाळ्यात भरून येणे अवघड असते. टीकाकारांचा मुख्य रोख मांजरा खोऱ्यातील उसावर आहे, कारण हे पीक जवळजवळ वर्षभर पाणी मागते. ऊस उत्पादकांची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही: उसाला कायद्याने ठरलेला किमान दर आणि ठरलेला खरेदीदार असतो, तूर वा सोयाबीनला हमीभाव जाहीर झाला, तरी खरेदीची खात्री नसते.