तीन पाहुण्यांची टीम

करुण नायर विदर्भ सोडून कर्नाटकात परत गेला आणि जितेश शर्मा बडोद्याला. २०२५ च्या उन्हाळ्यात या दोन बातम्या लागोपाठ आल्या, तेव्हा आमच्या चंद्रपूरच्या ग्रुपवर जे काही चाललं ते इथं लिहिण्यासारखं नाही. रणजी जिंकून पाच महिनेही झाले नव्हते. "गेली बे आपली टीम" हा एकूण सूर. एकानं तर पुन्हा प्लेट ग्रुपची तयारी करा म्हणून सांगून टाकलं. तेव्हा मी वाद घातला नाही. आता घालतो, कारण उन्हाळा दरवर्षी येतो, एनओसीच्या बातम्या दरवर्षी येतात, आणि आपण दरवर्षी तसेच घाबरतो.

आधी नियम, कारण अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो. रणजीत आयपीएलसारखा लिलाव नसतो. अमेरिकेतल्या एनबीएसारखंही नाही, तिथं क्लब आपसात खेळाडूंची अदलाबदल करतात आणि बहुतेक वेळा त्या खेळाडूला कोणी विचारतही नाही. आपल्याकडे खेळाडूच आपल्या संघटनेकडे ना-हरकत प्रमाणपत्र मागतो, ते घेऊन दुसऱ्या राज्यात जातो, आणि तिथं त्याला 'प्रोफेशनल' किंवा गेस्ट प्लेयर म्हणतात. एका टीमला असे जास्तीत जास्त तीन पाहुणे घेता येतात. त्याच उन्हाळ्यात पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला. यशस्वी जयस्वालनं गोव्यासाठी एनओसी घेतली आणि महिनाभरात परतही फिरवली. म्हणजे हे काही एकट्या विदर्भाचं दुखणं नाही.

आणि झाडीपट्टीच्या माणसाला तर हे समजावून सांगायची गरजच नसावी. दिवाळीनंतर मंडई भरली की गावोगावी नाटक लागतं. कंपन्या वडशाच्या, बहुतेक नट आपल्याच भागातले, आणि पोस्टरवर मोठा फोटो मुंबई-पुण्याहून आणलेल्या पाहुण्या कलाकाराचा. पुढच्या सीझनला तो कलाकार दुसऱ्या कंपनीत दिसतो. कोणी रडत बसत नाही. लोक रात्रभर थंडीत बसून नाटक बघतात आणि सकाळी चर्चा कोणाची, तर बरेचदा गावाकडच्या विनोदी नटाची. पाहुण्यानं तिकीट खपवलं, नाटक दुसऱ्यांनीच ओढलं. विदर्भाच्या टीमचा गेल्या दहा-बारा वर्षांचा इतिहास मला असाच दिसतो. फक्त आपले पाहुणे नुसते पोस्टरपुरते नव्हते, ते शिकवून गेले.

सुरुवात मात्र पाहुणे येण्यानं झाली नाही, आपला माणूस जाण्यानं झाली. सी. के. नायडू नागपूरचे. १८९५ चा जन्म, क्रिकेटही इथंच शिकले. विशीच्या शेवटी होळकर दरबारानं बोलावलं आणि ते इंदूरला गेले. १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीत ते कॅप्टन होते, आणि पुढे वयाच्या पन्नाशीत त्यांनी होळकर संघाला पहिली रणजी जिंकून दिली. होळकरांनी एकूण चार वेळा ती ट्रॉफी नेली. पाहुणे बोलवायची त्यांची हौस एवढी, की युद्धाच्या काळात हिंदुस्थानात असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन त्यांच्याकडून रणजी फायनल खेळला आणि त्यानं नाबाद २४९ केल्या. त्याला आज आपण गेस्ट प्लेयरच म्हटलं असतं. आपल्या हाती काय राहिलं? विदर्भ या नावानं आपण १९५७-५८ पासून रणजी खेळतोय, आणि त्यातली बहुतेक वर्षं समोरच्या टीमला आपल्याविरुद्ध पॉइंट मोजून ठेवायची सवय होती.

२०१४ ला बदल दिसायला लागला. कर्नाटकातून गणेश सतीश आला, तमिळनाडूतून बद्रीनाथ. पुढच्या वर्षी मुंबईचा वसीम जाफर. मग २०१७ मध्ये कोच म्हणून चंद्रकांत पंडित. त्यांची शिस्त हा वेगळ्या पोस्टचा विषय आहे.

जाफरचं मात्र सांगितलंच पाहिजे. २०१६-१७ च्या सीझनला तो दुखापतीमुळे खेळू शकला नाही, पण कराराचे पैसे त्याला मिळाले होते. पुढच्या वर्षी तो मानधन न घेता खेळला. चाळिशीला आलेला माणूस, रणजीच्या इतिहासात सगळ्यात जास्त धावा नावावर, आणि फुकट खेळतो! त्या वर्षी सेमीफायनलला समोर कर्नाटक होतं, कोलकात्यात. दुसऱ्या डावात आपल्याकडून सगळ्यात जास्त धावा कोणी काढल्या? कर्नाटकातून आलेल्या गणेश सतीशनं, ८१. कर्नाटकाला १९८ हवे होते, ते १९२ वर आटोपले. रजनीश गुरबानीनं त्या डावात सात काढल्या. पाच धावांनी जिंकलेली ती मॅच आठवली की अजून पोटात गोळा येतो.

फायनल इंदूरला, होळकर स्टेडियमवर. नायडू ज्या शहरात गेले त्याच शहरात, १ जानेवारी २०१८ ला, विदर्भानं दिल्लीला नऊ विकेट्सनी हरवून पहिली रणजी जिंकली. गुरबानीची हॅट्ट्रिक, अक्षय वाडकरचं शतक, फैज फझल कॅप्टन. जाफरच्या ७८ होत्याच, आणि शेवटच्या विजयी धावाही त्यानंच काढल्या. पण स्कोअरकार्ड उघडून बघा, मॅच फिरवणारी नावं घरची आहेत. पुढच्या सीझनला जाफरनं हजाराच्या वर धावा केल्या, तेव्हा पाहुण्याचा वाटा खरोखर मोठा होता. तरी नागपूरच्या फायनलला सौराष्ट्राच्या पुजाराला दोन्ही डावांत उचललं ते आदित्य सरवटेनं, एकदा १ वर आणि एकदा ० वर. अकरा विकेट्स त्याच्या.

त्याच सरवटेनं २०२४ ला केरळ गाठलं. गुरबानी महाराष्ट्राकडे गेला. पहिल्या ट्रॉफीचा बॉलर आणि दुसऱ्या ट्रॉफीचा बॉलर, दोघंही दुसऱ्यांच्या जर्सीत. करुणच्या जाण्याचं दुःख करणाऱ्यांना मी विचारतो, या दोघांसाठी तेव्हा किती पोस्टी टाकल्या होत्या? मला तरी आठवत नाही. पाहुणा गेला की आपण बोंबलतो आणि घरचा गेला की बातमीसुद्धा वाचत नाही. मला खरा राग याचा आहे. पाहुण्याला शेवटी जायचंच असतं. घरचा बॉलर तिशीनंतर दुसरं राज्य शोधतो तेव्हा त्याच्या मागं काहीतरी कारण असतं, आणि ते विचारलं पाहिजे.

मग २६ फेब्रुवारी २०२५. जामठ्याला फायनल, समोर केरळ, आणि केरळच्या टीममध्ये सरवटे. जामठा आम्हा चंद्रपूरकरांना नागपूरच्या आधी लागतं. वरोरा, जाम, बुटीबोरी, की आलंच. पहिल्या सकाळी आपण ३ बाद २४. तिथून करुण आणि दानिश मालेवार यांनी २१५ ची भागीदारी केली. दानिश एकवीस वर्षांचा, रणजीचा पहिलाच सीझन. करुण ८६ वर रनआऊट झाला, दानिश १५३ पर्यंत गेला. त्या भागीदारीतच पाहुण्यानं काय करायचं असतं ते दिसलं. कसोटीत त्रिशतक ठोकलेला माणूस समोरच्या टोकाला उभा आहे आणि पोरगा त्याच्याकडे बघत बघत त्याच्याही पुढं निघून जातो.

केरळकडून सरवटेनं ७९ काढल्या. आपल्याच घरात आपलंच पोरगं आपल्याला नडत होतं, आणि खरं सांगतो, त्याच्या चौकारांना टाळी वाजवायला हात वर जायचा. ३७ धावांच्या आघाडीवर ट्रॉफी आपली झाली. दुसऱ्या डावात करुणच्या १३५, आणि त्याची विकेट काढली ती सरवटेनंच. गेलेला घरचा विरुद्ध आलेला पाहुणा. एवढं सगळं एका मॅचमध्ये बघायला मिळालं आणि आपल्या गावातली चर्चा काय, तर "करुणमुळं जिंकलो".

करुणचं श्रेय मी काढून घेत नाही. कर्नाटकानं बाहेर ठेवलेला खेळाडू विदर्भात येतो, त्या रणजी सीझनला ८६३ धावा काढतो, विजय हजारेत पाच शतकं ठोकतो आणि पुन्हा भारताच्या कसोटी संघात जातो, याचा विदर्भाला अभिमानच असला पाहिजे. पण त्याच सीझनचे बाकीचे आकडे बघा. यश राठोड ९६०, म्हणजे करुणपेक्षा जास्त. हर्ष दुबे ६९ विकेट्स, एका रणजी सीझनमधला विक्रम. हे दोघंही आपल्या टीममध्ये वाढलेले.

म्हणूनच करुण गेला तेव्हा मी घाबरलो नव्हतो. ऑक्टोबरला जामठ्यावर शेष भारताला ९३ धावांनी हरवून इराणी करंडक घेतला, अकोल्याच्या अथर्व तायडेचं शतक. जानेवारी २०२६ ला विजय हजारेच्या सेमीफायनलला समोर पुन्हा कर्नाटक, आणि त्यांच्याकडून करुण. त्यानं चांगल्या धावा केल्या, तरी आपण जिंकलो. अमन मोखाडेचं शतक, आणि त्याच्या सोबतीला नाबाद राहिला तो आर. समर्थ, म्हणजे मूळचा कर्नाटकाचाच, आपला नवा पाहुणा! फायनलला सौराष्ट्र, तायडेचं आणखी एक शतक, आणि विदर्भाची पहिली विजय हजारे ट्रॉफी.

आता आपल्या दोन जिल्ह्यांबद्दल, कारण खरं मला तेच बोलायचं होतं.

वर एवढी नावं आली. नागपूरची बरीच, अकोला-अमरावतीची काही. गडचिरोलीचं एकही नाही. हा प्रश्न मला करुणच्या एनओसीपेक्षा मोठा वाटतो. टीमचं नाव विदर्भ आहे, आणि विदर्भात अकरा जिल्हे आहेत.

उमेश यादव आठवा. वडील कोळसा खाणीत, खापरखेड्याजवळच्या वलनीच्या वसाहतीत घर. पोलीस भरतीचा प्रयत्न करून झालेला. टेनिस बॉलवर वेग कमावला, लेदर बॉल हातात आला तो विशीच्या तोंडावर. २००८ ला रणजी, २०११ ला कसोटी, आणि विदर्भाकडून कसोटी खेळणारा पहिला खेळाडू. खाण वसाहतीतलं ते घर कसं असतं हे घुग्घुस, बल्लारपूर, माजरीच्या लोकांना मी सांगायला नको. आपल्याकडेही तेच क्वार्टर, तीच तीन पाळ्यांची ड्युटी, तेच संध्याकाळचं टेनिस बॉल. वलनीहून नागपूर तासाभरावर आहे, एवढाच फरक. सिरोंच्याच्या पोराला नागपूर तीनशेहून जास्त किलोमीटर. गडचिरोली १९८२ ला वेगळा जिल्हा झाला आणि त्यानंतरही कित्येक वर्षं जिल्ह्याला रेल्वे म्हणजे एक वडसा स्टेशन. त्या पोराला एका चाचणीसाठी दोन दिवस, बसचं भाडं आणि घरच्यांची परवानगी लागते. लेदर बॉलची किट हे आणखी पुढचं.

तीन पाहुण्यांच्या जागा भरायला टीम देशभर शोध घेते, आणि घ्यावाच. कोण फॉर्मात आहे, कोणाला राज्य बदलायचंय, सगळी माहिती काढली जाते. तेवढीच मेहनत अहेरी-एटापल्लीच्या टेनिस बॉल स्पर्धांवर व्हायला हवी. तिथं सायंकाळी धावत येऊन बॉल टाकणारं पोरगं स्पीडगनसमोर कधी उभंच राहिलं नाही, तर ते किती जोरात टाकतं हे कोणाला कळणार?

त्यामुळं येत्या उन्हाळ्यात कोण आला, कोण गेला यावर भांडाच, मीही भांडणार आहे. पण सोबत एक मागणीही लावून धरू. आपल्या दोन जिल्ह्यांतल्या चाचण्या वाढवा, आणि वेगवान बॉलर शोधायचा एक दिवस वडशाला ठेवा. स्टेशन तिथंच आहे. चप्पल घालून आलेल्या पोराला परत पाठवू नका, आणि शाळेचा दाखला विसरला असेल तर आधी बॉल टाकून घ्या.