मुठेच्या कांठची प्रतिकृतींची विद्या

मुळशी तालुक्याच्या डोंगरांत उगम पावणारी मुठा नदी मुठा गांवाच्या खोऱ्यांतून वाहत, आंबी व मोसे यांचें पाणी घेऊन खडकवासल्यास येते. पुण्याच्या नळांत पिढ्यान्‌पिढ्या तिचेंच पाणी खेळत आलें आहे. नदीची प्रतिकृति करून तिचा स्वभाव ओळखण्याची विद्याही याच कांठीं रुजली.

मुंबई इलाख्याच्या सरकारनें १९१६ सालीं पाटबंधाऱ्यांच्या प्रश्नांकरितां एक लहानशी शाखा काढली. १९३६ मध्यें ती हिंदुस्थान सरकारकडे गेली. खडकवासल्याचें केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र तें हेंच. तेथें नदीचें पात्र, धरण किंवा बंदर लहान प्रमाणांत उभारतात, त्यांतून पाणी सोडतात आणि काय होतें तें डोळ्यांनीं पाहतात. या पद्धतीचा मोठा गुण असा, कीं शंकेखोरालाही जवळ जाऊन पाहतां येतें.

संगणक आला आणि प्रतिकृति पडद्यावर गेली. येथें धरण म्हणजे एक चौकट, कालवा म्हणजे एक रेघ. चौकटी रेघांनीं जोडल्या, प्रत्येकींत तिचें गणित भरलें, कीं पाऊस वाढतां पाणी किती चढेल तें आलेखांत उमटतें. परंतु चौकटीच्या आंतलें गणित विकणाऱ्याच्या कुलपांत असेल, तर उत्तर बरोबर कीं चूक हें तपासावें कोणीं?

या प्रश्नास मुक्त प्रणालींनीं उत्तर दिलें. फ्रान्समधील संशोधकांनीं रचलेली सायलॅब ही गणिती प्रणाली १९९४ सालीं सर्वांस मोकळी झाली. एक्सकॉस हें तिच्यांतील साधन अशाच चौकटी जोडण्याचें आहे. मुंबईच्या आय. आय. टी.मधील फॉसी प्रकल्पानें पाठ्यपुस्तकांतील सोडविलेलीं उदाहरणें विद्यार्थ्यांकडून सायलॅबमध्यें लिहवून घेतलीं व तीं विनामूल्य खुलीं केलीं. पैसा वांचला हा लाभ लहान. आंतलें गणित उघडें राहिलें हा मोठा.

त्याचें मोल पुणेकरांस सांगावयास नको. १२ जुलै १९६१ रोजीं, काम पुरें न झालेलें पानशेतचें धरण फुटलें. त्या लोंढ्यानें खडकवासल्याचें धरणही फोडलें, आणि पुण्याच्या नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. पडद्यावरची नदी असें संकट टाळीलच, असें म्हणणें भाबडेपणाचें होईल; तिला दिलेलीं मापें चुकलीं तर तिचें उत्तरही चुकणार. चूक माणसाच्या हातून व्हावयाचीच. ती चौघांच्या नजरेस वेळींच पडावी, एवढी सोय मात्र माणसाच्या हातीं आहे. खडकवासल्याच्या आवारांतील लहानग्या नदीची शिकवण हीच होय.