बर्फाआडची बेगमी
काश्मीर-लडाखच्या हिवाळ्यातील भाजीटंचाईची कहाणी आणि तिच्यातून आपण घ्यावयाचा धडा



पौष-माघ उजाडला की आपल्याकडे भाजीचा सुकाळ असतो. मेथीच्या जुड्या, कोबीचे गड्डे, टोमॅटोच्या पाट्या यांनी बाजार भरून जातो. कधी कधी भाव इतका पडतो की वाहतूकही निघत नाही, आणि चांगला माल बाजाराच्या कडेला जनावरांपुढे टाकून माणूस रिकाम्या हाताने घरी येतो. नेमक्या याच दिवसांत आपल्याच देशाच्या उत्तर टोकाला, काश्मीर आणि लडाखमध्ये, जमीन दगडासारखी गोठलेली असते. शेतात हिरवे पान म्हणून सापडणे कठीण.

मग तिथली माणसे पिढ्यान् पिढ्या काय खाऊन जगली? पोराबाळांच्या ताटात भाजी कुठून आली? तुम्ही म्हणाल, तो बर्फाचा मुलूख, आपल्याला त्याचे काय? पण टंचाई आपल्याकडेही येतेच की! फक्त तिचा महिना वेगळा. त्यांची टंचाई हिवाळ्यात, तर आपली वैशाख-ज्येष्ठात आणि पुढे आषाढाच्या झडीत. म्हणून त्यांनी काय केले, ते नीट समजून घेण्यासारखे आहे.

काश्मीर : सत्तर दिवसांचा हिशेब

काश्मीरच्या खोऱ्यात हिवाळ्याचा हिशेब ठरलेला असतो. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस कडाक्याची थंडी, तिला म्हणतात ‘चिल्लई कलान’. त्यानंतर वीस दिवस ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटचे दहा दिवस ‘चिल्लई बच्चा’. म्हणजे थोरली थंडी, धाकटी थंडी आणि तिचे पोर! असे हे सत्तर दिवस. आपण जशी नक्षत्रे मोजतो, तसे तिकडचा माणूस हे दिवस मोजतो.

या दिवसांची तयारी मात्र भर उन्हाळ्यात सुरू होते. भाजी मुबलक आणि स्वस्त असते तेव्हा घरातल्या बायका ती चिरून वाळवतात. दुधी भोपळ्याच्या लांब पट्ट्या, उभी चिरलेली वांगी, अर्धे कापलेले टोमॅटो, दोऱ्यात माळेसारख्या ओवलेल्या सलगमच्या चकत्या. खिडक्यांना, ओसरीला या माळा टांगलेल्या असतात. या वाळवलेल्या भाजीला काश्मिरी भाषेत ‘होख स्यून’ म्हणतात. होख म्हणजे सुके आणि स्यून म्हणजे कालवण. हिवाळ्यात ही भाजी कोमट पाण्यात भिजवायची आणि डाळीबरोबर किंवा मटणाबरोबर शिजवायची, ही तिथली रीत.

दुसरी युक्ती जमिनीची. सलगम, गाजर, मुळा यांसारखी कंदमुळे परसात खड्डा करून मातीखाली पुरून ठेवायची आणि लागतील तशी काढायची. वर बर्फ साचला तरी खोल मातीत गारठा तितका उतरत नाही. आपले शीतगृह विजेवर चालते, त्यांचे मातीवर चालत आले.

रस्ता तुटला तेव्हा

आता थोडे रस्त्याविषयी. कारण टंचाई ही नुसती हवामानाची नसते, ती रस्त्याचीही असते.

सन १९४७ पर्यंत काश्मीर खोऱ्याची मुख्य वाट झेलम नदीच्या काठाने बारामुल्लावरून रावळपिंडीकडे जात होती. ही वाट तुलनेने सखल भागातून जाते, त्यामुळे हिवाळ्यातही तिचा आधार होता. ऑक्टोबर १९४७ मध्ये ती वाट तुटली. उरला तो जम्मूकडचा बनिहाल घाटाचा रस्ता. हा घाट सुमारे नऊ हजार फूट उंच, आणि हिवाळ्यात बर्फाने बंद पडणारा. म्हणजे ऐन गरजेच्या महिन्यांत बाहेरचा भाजीपाला येण्याची वाटच उरली नाही. अशा वेळी घरातल्या वाळवणाच्या माळांवरच चूल चालायची.

डिसेंबर १९५६ मध्ये बनिहालचा जवाहर बोगदा सुरू झाला आणि हिवाळ्यातही पंजाबची भाजी श्रीनगरला पोहोचू लागली. पुढे २०१७ मध्ये चेनानी-नाशरी बोगदा, २०२१ मध्ये बनिहाल-काझीगुंड बोगदा आणि जून २०२५ मध्ये कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत रेल्वे. हळूहळू ताजी भाजी बारमाही झाली. साहजिकच वाळवणाची गरज कमी झाली.

पण थांबा. सन २०२५ च्याच ऑगस्टअखेरीस अतिवृष्टीने जम्मू-श्रीनगर महामार्ग खचला. सफरचंदांनी भरलेले ट्रक दिवसेंदिवस वाटेत अडकून पडले आणि माल नासला. रस्ता, बोगदा, रेल्वे हे सगळे हवेच, त्याबद्दल दुमत नाही. पण रस्ता झाला म्हणून घरची बेगमी मोडायची नसते. विहिरीला पाणी लागले म्हणून कोणी रांजण फोडतो का?

लडाख : मातीतली ऊब

लडाखची गोष्ट याहून कठीण. लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ११,५०० फूट उंचीवर. वर्षाचा पाऊस-बर्फ मिळून जेमतेम चार इंच. हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत जातो. श्रीनगरहून येणारा रस्ता झोजिला घाटातून येतो आणि हा घाट पूर्वी वर्षाचे पाच-सहा महिने बंद असे. सीमा सडक संघटनेच्या कामामुळे अलीकडे ही बंदी काही आठवड्यांवर आली आहे. सन २०२० मध्ये तिथे बोगद्याचे कामही सुरू झाले.

शेतीचा हंगाम एकच आणि तोही छोटा. जुने जेवण म्हणजे मुख्यतः सातूचे भाजलेले पीठ, दूध-लोणी, वाळवलेला जर्दाळू आणि जमिनीखालच्या खड्ड्यात ठेवलेले मुळे नि सलगम. आपण सुकामेवा म्हणून चवीने खातो तो जर्दाळू तिथल्या घराचा हिवाळ्यातला आधार. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाहौल आणि लडाखमध्ये आलेल्या मोरावियन मिशनऱ्यांनी बटाटा आणि काही युरोपीय भाज्या त्या बाजूला रुजवल्या. बटाटा खड्ड्यात टिकतो, म्हणून तो तिथे मानवला.

१९६२ साल आले. सीमेवर युद्ध झाले, हजारो जवान त्या उंचीवर राहू लागले. आपल्या महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांतली मुले तिकडे नोकरी करून आली आहेत, त्यांना विचारा. डब्यातली भाजी खाऊन तोंडाची चव कशी जाते, हे तेच सांगतील. विमानाने भाजी न्यायची तर खर्च अफाट. म्हणून त्याच १९६२ साली डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेने लेहमध्ये एक प्रयोगशाळा काढली. काम एकच : या थंड वाळवंटात भाजी पिकवून दाखवायची.

तिथे जे निरनिराळे उपाय रुजले त्यांतला सर्वांत साधा उपाय ऐका. जमिनीत सुमारे तीन फूट खोल चर खणायचा. तळाशी शेणखत घालून वाफा करायचा. वरून पारदर्शक प्लास्टिकचा कागद ताणून बसवायचा. रात्री त्यावर गोणपाट किंवा जाड चादर पांघरायची, सकाळी ऊन आले की काढायची. दिवसा उन्हाची ऊब आत शिरते, रात्री जमिनीची ऊब आत राहते. एवढ्याशा सोयीवर पालक, मेथी, कोथिंबीर असा पाला हिवाळ्यातही मिळू लागला. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून स्वयंसेवी संस्थांच्या मदतीने गावोगाव सूर्याच्या उबेवरची हरितगृहे उभी राहिली. कच्च्या विटांच्या दुहेरी भिंती, मध्ये गवत भरलेले, दक्षिणेकडून प्लास्टिकचा उतार. ना वीज, ना इंधन.

बघा हं, इथे यंत्रापेक्षा विचार मोठा आहे. आपल्याजवळ काय आहे? भरपूर ऊन आणि माती. मग त्यातूनच मार्ग काढायचा.

वाळवणात काय उरते, काय जाते?

आता एक गोष्ट स्पष्टच सांगितली पाहिजे. वाळवलेली भाजी उपयोगी आहे, पण ती ताज्या भाजीची पूर्ण बरोबरी करीत नाही. चोथा, लोह, चुना हे पुष्कळसे टिकतात. परंतु ‘क’ जीवनसत्त्व उन्हात आणि उष्णतेत बरेचसे नष्ट होते. ‘अ’ जीवनसत्त्व ज्यापासून बनते ते कॅरोटीनही कडक उन्हात कमी होते.

‘क’ जीवनसत्त्व महिनोन् महिने मिळाले नाही तर स्कर्व्ही होतो. हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते, जुन्या जखमा चिघळतात, माणूस हलू शकत नाही. लांबच्या सफरीवर निघालेले युरोपचे खलाशी या रोगाने पटापट मरत. सन १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरील डॉक्टरने बारा रोग्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. ज्या दोघांना संत्री आणि लिंबू दिले ते आठवड्याच्या आत उठून बसले. तरीही इंग्रजांच्या आरमारात लिंबाचा रस सरसकट मिळायला १७९५ साल उजाडावे लागले! चांगली गोष्ट कळूनही वळायला एवढा वेळ लागतो.

आपल्या देशातलेही उदाहरण आहे. सन १९३९-४० च्या दुष्काळात पंजाबातील हिस्सार जिल्ह्यात, जो आज हरियाणात आहे, लोकांना स्कर्व्ही झाला. तेव्हा आवळा देऊन लोकांवर उपचार करण्यात आले. आवळ्यात ‘क’ जीवनसत्त्व लिंबाच्या कित्येक पटींनी जास्त, आणि आवळा वाळवला तरी त्यातले बऱ्याच अंशी टिकते. म्हणजे वाळवणाची उणीव भरून काढणारे फळ आपल्याच बांधावर आहे.

आपली आगोट, आपली बेगमी

आपल्याकडे ही विद्या नव्हती असे नाही. कोकणात पावसाळ्यापूर्वी आगोटीची बेगमी करतात. आमसुले, आंबोशी, फणसाच्या आठळ्या, सुकी मासळी हे सारे झड सुरू होण्याआधी घरात येते. देशावर कोहळ्याचे सांडगे, मुगाचे वडे, वाळवलेली गवार, हरभऱ्याचा वाळलेला पाला. मात्र गावोगाव फिरताना दिसते ते असे की हे काम आता सासूबाईंपुरते उरले आहे. सूनबाईला ते शिकवायला कोणी बसत नाही. एका पिढीत हात मोडला की पुढच्या पिढीला ते पुस्तकातून शोधावे लागते. आणि टंचाईच्या दिवसांत घरात पहिली कमी पडते ती बाळंतिणीच्या आणि लहान पोरांच्या ताटातली भाजी, हे विसरू नका.

तर मग, येत्या हंगामात एवढे करा :

१. भाव पडण्याची वाट पाहू नका. माल भरात असतानाच घरापुरता बाजूला काढा. हिरव्या भाजीत शंभर किलोमागे ८५ ते ९० किलो पाणीच असते. त्यामुळे दहा किलोची पाटी वाळून एका डब्यात मावते.

२. गवार, कोबी, गाजर, फ्लॉवर चिरून उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवून काढा आणि मग वाळवा. रंग टिकतो, वास बिघडत नाही. मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला स्वच्छ धुऊन, निथळून सावलीत वाळवा, उन्हात नको.

३. वाळवण रस्त्याच्या कडेला किंवा उघड्या जमिनीवर घालू नका. खाटेवर किंवा चटईवर स्वच्छ कापड अंथरून त्यावर घाला. वरून पातळ कापड झाका, म्हणजे धूळ-माशी लागत नाही.

४. भाजी हातात चुरून कडकडीत मोडली पाहिजे. मगच गार करून घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरा. महिन्यातून एकदा डबा उघडून पाहा. बुरशी दिसली तर धुऊन वापरू नका, सरळ फेकून द्या. बुरशीचे विष शिजवून जात नाही.

५. आवळे मीठ लावून वाळवा आणि भाजीच्या डब्याशेजारीच ठेवा. वाळवणाच्या भाजीबरोबर आवळ्याची फोड किंवा लिंबू ताटात हवेच. दोन्ही मिळून जेवण पुरे होते.

६. परसात शेवग्याचे एक झाड आणि बांधावर आवळ्याचे एक झाड लावा. न्हाणीचे सांडपाणी शेवग्याच्या आळ्यात सोडा. उन्हाळ्यात बाजार सुका पडला तरी शेवग्याचा पाला मिळतो.

काश्मीरची बाई चिल्लई कलानचे दिवस मोजून भर उन्हाळ्यात वांगी चिरायला बसते. तुम्हीही आपले टंचाईचे आठवडे कॅलेंडरवर मोजा. अक्षय्यतृतीयेपासून नव्या पावसाची भाजी हाती येईपर्यंत आठवड्यात किती वेळा वाळवण लागेल, घरात माणसे किती, याचा हिशेब मांडा आणि तेवढे डबे माघ संपण्याच्या आत भरून ठेवा.