शेजाऱ्याचा एक शब्द



इतिहास हा माझा शिकविण्याचा विषय. वर्गात चाकणच्या संग्रामदुर्गाचा प्रश्न विचारला तर चार हात तरी वर होतात. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाच्या फौजेपुढे तो किल्ला जवळजवळ दोन महिने कसा लढविला, हे आपल्या मुलांना ठाऊक असते. चिंचवडचे चापेकर बंधूही ठाऊक असतात. परंतु १८४१ च्या सुमारास पुण्यात एक शेजारी दुसऱ्या शेजाऱ्याच्या घरी गेला आणि त्याला काही सांगून आला, ही गोष्ट विचारली की वर्ग गप्प होतो. आज मी आपणांस तीच सांगणार आहे, कारण तिचा एक धागा आपल्या पिंपरीपर्यंत येऊन पोहोचला आहे.

पुण्यात गोविंदराव फुले या नावाचे फुलांचा व्यवसाय करणारे एक गृहस्थ होते. पत्नी लवकर वारलेली. धाकटा मुलगा जोती, जन्म १८२७. मुलगा शाळेत जाऊ लागला, चांगला शिकूही लागला. तेवढ्यात, शिकून मुलगा बिघडेल, मग तो शेतात राबणार नाही, असे कोणीतरी गोविंदरावांच्या मनात भरविले. गोविंदरावांनी जोतीला शाळेतून काढले आणि मळ्यात कामाला लावले. वाचक हो, या बापाला दोष देण्याची घाई करू नका. त्याला मुलाचे वाईट करावयाचे नव्हते. त्याच्या कानावर पडलेला सल्ला तेवढा वाईट होता.

शेजारी गफार बेग मुन्शी राहत. उर्दू-फारसीचे जाणकार, शिकविणारे. चरित्रकार सांगतात की दिवसभर मळ्यात राबून आलेला हा मुलगा रात्री दिव्याच्या उजेडात वाचीत बसतो, हे त्यांच्या नजरेस आले. त्यांनी आणि लिजिट नावाच्या एका ख्रिस्ती गृहस्थांनी गोविंदरावांना समजाविले की असा बुद्धीचा मुलगा शाळेबाहेर ठेवणे बरे नव्हे. गोविंदरावांना ते पटले. १८४१ साली जोतीचे नाव पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत घातले गेले. मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता.

मुन्शीजींनी शाळा काढली नाही, फंड उभारला नाही. एक मुलगा पाहिला आणि त्याच्या बापाशी बोलले, एवढेच. त्यांच्या नावाचा उल्लेख महात्मा फुल्यांच्या चरित्रात एक-दोन ओळींपुरता येतो. मला मात्र त्या ओळी पुष्कळ वाटतात.

पुढचे आपण शिकलेले आहात. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली. समाजाचा रोष इतका झाला की १८४९ साली गोविंदरावांना सून-मुलाला घराबाहेर काढावे लागले. या वेळी उस्मान शेख यांनी त्या दोघांना आपल्या घरात जागा दिली, असे परंपरेने सांगितले जाते. ज्यांना सख्ख्या बापाच्या घरी थारा नाही त्यांना जागा देणे म्हणजे शेजारपाजाऱ्यांचा राग आपल्या उंबऱ्यावर ओढवून घेणे. उस्मान शेखांच्या घरातील फातिमा शेख सावित्रीबाईंच्या कामात सहभागी झाल्या. १८५६ च्या ऑक्टोबरात सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी नायगावला होत्या. तेथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्या फातिमाची आठवण काढतात. आपल्या पाठीमागे तिच्यावर कामाचा भार पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचे ते लिहिणे आहे. फातिमांविषयी जुन्या कागदांत फार थोडे सापडते. पण मैत्रिणीने आजारपणात आपल्याविषयी असे लिहावे, याहून मोठे प्रशस्तिपत्रक कोणत्या शिक्षिकेला हवे?

आता धागा पुढे नेतो. १८७३ साली जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापिला. त्या विचारांत वाढलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. पुढे संस्था साताऱ्यास आली. तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. पैसा कोठून आणावयाचा? पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, अखेर मंगळसूत्रही दिले. दुसरीकडे भाऊरावांनी गावोगावच्या बायांना सांगितले की दळायला बसताना एक मूठ धान्य बाजूच्या मडक्यात टाकीत जा. हाच तो मुष्टिफंड. रोजची मूठ घरात कोणाला जाणवत नाही. मात्र गावातील सारी मडकी एकत्र झाली की वसतिगृहातील मुलांची जेवणे निघतात. आपल्यापैकी वयस्क भगिनींना यात नवल वाटणार नाही. मदरशासाठी पीठ मळताना चिमूटभर बाजूला काढण्याची चाल अनेक घरांत होती.

याच संस्थेच्या कामात इस्माईलसाहेब मुल्ला हे वकील भाऊरावांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. साताऱ्याचे विधी महाविद्यालय आज त्यांच्या नावाने चालते. आणि रयत शिक्षण संस्थेचेच एक महाविद्यालय आपल्या पिंपरीत आहे. त्याचे नाव महात्मा फुले महाविद्यालय. आपल्या वस्तीतील कित्येक मुले-मुली तेथून पदवीधर झाली. मुन्शीजींचा शब्द, जोतीरावांची शाळा, भाऊरावांचे वसतिगृह आणि पिंपरीतील हा वर्ग, असा तो रस्ता आहे. मध्ये किती हात लागले, त्यांतील बहुतेकांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत.

शेजार हा शब्द पुण्याच्या जुन्या पेठांना शोभतो, आमच्याकडे कोठला, असे कोणी म्हणेल. ते काही अंशी खरेच आहे. आपले गाव परगावच्या माणसांनी बनलेले. फाळणीनंतर निर्वासित सिंधी बांधव पिंपरीच्या छावणीत आले. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ साली एम.आय.डी.सी. अस्तित्वात आली आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या माळावर शेड उभ्या राहू लागल्या. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे चाकणही पुढे मोटारींचे झाले. सोलापूर, लातूर, बीड, विजापूर, बिहार, उत्तर प्रदेश, जो तो कामासाठी आला आणि ज्याच्या शेजारी खोली मिळाली तो त्याचा शेजारी झाला.

तरीही जुन्या कामगारांना विचारा. गावाकडून नवा मुलगा आला की आधी आलेल्याच्या खोलीत पथारी टाकी. एक रात्रपाळीहून येई तेव्हा दुसरा सकाळच्या पाळीला निघे, आणि एकाच खाटेवर दोघांची झोप होई. ज्याला लिहिता येई तो दहा जणांची पत्रे लिही, मनिऑर्डरचे फॉर्म भरी. ईदला शिरखुर्म्याचे भांडे शेजारी जाई आणि दिवाळीला तेच भांडे फराळाने भरून परत येई. रिकामे भांडे परत करू नये, एवढा नियम सर्वांना पाठ होता. शेजाऱ्याचा आपल्यावर हक्क असतो हे आपल्याला लहानपणीच शिकविलेले असते. तो हक्क भांड्यापाशी संपतो काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

येथे मला माझी एक चूक सांगावी लागेल. काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात एक मुलगा होता. बीजगणितात असा तरबेज की फळ्यावरची माझी चूक तो अदबीने दाखवीत असे. (इतिहासाच्या माणसाला बदली तासिकेला गणितावर उभे केले की असे होते.) दिवाळीच्या सुटीनंतर तो आला नाही. त्याच्या अब्बांना कोणीतरी सांगितले होते की मुलगा आतापासून कामाला लागला तर हात बसेल, घरात चार पैसे येतील. या रविवारी त्यांच्या घरी जाऊन येऊ, असे मी ठरविले. मग पेपर तपासणी निघाली, मग निवडणुकीचे काम निघाले. असे चार-पाच रविवार गेले. फेब्रुवारीत भोसरीच्या एका रस्त्यावर तो मला भेटला. ग्रीसने काळे झालेले हात पाठीमागे लपवून म्हणाला, “सलाम, सर.” मी घरी गेलो तेव्हा त्याचे अब्बा म्हणाले, “आता काय सर, वर्ष तर गेलेच.” त्यांच्याशी चांगले बोलणारे कोणी वेळेवर पोहोचले नाही, आणि त्यात मी होतो.

गेल्या वर्षी तशीच वेळ आली. या वेळी मुलगी होती, दहावीची. मी दुसऱ्याच दिवशी निघालो आणि बरोबर आळीतील एका निवृत्त फिटरना घेतले. सारी आळी त्यांना चाचा म्हणते. माझ्या बोलण्याचा तिच्या अब्बांवर फारसा परिणाम झाला नाही. मास्तरांचे कामच हे, असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. मग चाचा बोलले. त्यांनी शिक्षणाचे महत्त्व वगैरे काही सांगितले नाही. आपण स्वतः हेल्पर म्हणून लागलो, ड्रॉइंग वाचता येत नव्हते म्हणून किती वर्षे तेथेच राहिलो, आणि ड्रॉइंग वाचता येणारी पोरे मागून येऊन कशी पुढे गेली, एवढे सांगितले. चहा निवून गेला. तिच्या अब्बांनी शेवटी विचारले, “आणि क्लासचे पैसे?” चाचा म्हणाले, “सकाळी मी मोकळाच असतो. भूमिती माझ्याकडे पाठवा.”

आपल्यापैकी कितीजण असे सकाळी मोकळे असतील! दुपारपाळीच्या माणसालाही सकाळचा एखादा तास असतो. ज्यांच्या घरी संगणक आहे त्यांनी पंचवीस टक्के राखीव जागांच्या प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज शेजारच्या मुलासाठी भरून दिला तर अर्धा तास जातो. वेळेत अर्ज न भरला गेल्यामुळे जागा हुकलेली मुले मी पाहिली आहेत. निकालानंतर रद्दीवाल्याकडे जाणारी पाठ्यपुस्तके शाळेत आणून दिली तर ती आम्ही जूनमध्ये वाटतो. आणि कोणाचा मुलगा दोन आठवडे शाळेच्या वेळी गल्लीत दिसला, तर त्याच्या बापाला भेटा. आम्हां शिक्षकांना ते पुष्कळ उशिरा कळते, आपणांस त्याच दिवशी दिसते.

चाचांकडे आता पाच मुले येतात. त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाने काढलेला काटकोन त्रिकोण आहे. चाची रागावतात, पण पुसू देत नाहीत. परवा चाचा शाळेत आले होते. व्याकरणाला कोणी मिळेल काय, असे विचारीत होते. आपल्याला मराठी बोलता येते, पण समास सुटत नाहीत, असे ते म्हणाले. मी मंगळवार आणि शुक्रवार दिला आहे. इंग्रजीची जागा अजून रिकामी आहे.