‘अपटाइम’च्या तीन आकड्यांचं कूळ

मॉनिटरिंगच्या सर्व्हरवर एसएसएचने शिरलं की बहुतेकांची पहिली कमांड ‘अपटाइम’. ओळीच्या शेवटी 1, 5 आणि 15 मिनिटांचं लोड ॲव्हरेज. कोअर चार, लोड 40, अलार्मचा नुसता रतीब. आणि ‘टॉप’ उघडावं तर सीपीयू निवांत. हे त्रांगडं लिनक्समध्येच का, हे शोधत गेलो तो पोचलो 1993 सालच्या एका स्वॅप डिस्कपाशी.

आकडा मुळात लिनक्सचा नव्हे. पीडीपी-10 वरच्या टेनेक्स प्रणालीत तो होता. ऑगस्ट 1973 च्या आरएफसी 546 मध्ये जुलैच्या लोडचे आलेख आहेत, तेही हाताने काढलेले! मोजणी सरळ होती: सीपीयूवर चालू शकतील अशा प्रोसेस सरासरी किती. युनिक्सनेही तोच धागा पुढे नेला.

ऑक्टोबर 1993 मध्ये मॅथियास उर्लिक्स यांनी लिनक्ससाठी एक छोटा पॅच पाठवला. वेगवान स्वॅप डिस्क काढून मंद लावली तर मशीन रखडतं, लोड मात्र उतरतो. कारण प्रोसेस डिस्कची वाट बघत झोपलेल्या असतात आणि झोपलेल्यांना कुणी मोजत नाही. मग त्यांनाही मोजा! तेव्हापासून ‘डी’ अवस्थेतल्या, सहसा ‘किल’लाही न जुमानणाऱ्या प्रोसेस लोडमध्ये धरल्या जातात. ब्रेंडन ग्रेग यांनी 2017 मध्ये तो पॅच उकरून काढला.

सोवळे लोक याला बिघाड म्हणतात. त्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. ‘डी’ अवस्था पुढे डिस्कपुरती उरली नाही, कर्नलमधल्या कुलपांपाशी ताटकळणारेही तीत आले. काही झोपाळूंना मोजणीतून वगळायला वेगळी खूण करावी लागली. खुद्द कर्नलच्या सोर्समध्ये शेरा आहे की आकडा बावळट आहे, पण लोकांना महत्त्वाचा वाटतो. तरी मी उर्लिक्सच्या बाजूचा. माझा तर्क असा, की टेनेक्सवाल्याला सीपीयूशी देणंघेणं नव्हतंच. आत्ता कामाला बसावं की रात्री यावं, एवढंच त्याला हवं होतं. व्याख्या मोडली, पण गरज भागली.

‘1 मिनिट’ हेही नावापुरतंच. कर्नल साधारण दर 5 सेकंदांनी जुन्या आकड्याला 1884 ने गुणून 2048 ने भागतो आणि उरलेला वाटा नव्या मोजणीला देतो. रिकाम्या मशीनवर एकच प्रोसेस मिनिटभर अखंड पळवली, तर लोड 1 नव्हे, 0.63 च्या आसपास दिसतो.

तेव्हा लोड 40 आणि सीपीयू रिकामा दिसला, की ‘पीएस’मध्ये अवस्थेचा रकाना बघावा. ‘डी’ची रांग लागलेली असेल तर आधी डिस्क किंवा अडकलेलं एनएफएस तपासावं. 2018 च्या 4.20 कर्नलपासून सीपीयू, मेमरी आणि आयओ यांचा दाब वेगवेगळा मोजता येतो. नागिऑसचा ‘चेक लोड’ मात्र जुन्या तीन आकड्यांवरच अलार्म वाजवतो.