दैवतनिवड, डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळातील

डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळात खेळाडूने आपल्या पात्रासाठी काल्पनिक देवमंडळातून उपास्य दैवत ठरविण्याची प्रक्रिया (पहा : रोल-प्लेइंग गेम).

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. १९७६ मध्ये ‘गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज’ ही देवतांविषयीची पुरवणी निघाली. ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’ (१९८०) या ग्रंथात ग्रीक, नॉर्स व इजिप्शियन देवांबरोबर इंद्र, अग्नी, वरुण या भारतीय देवतांचेही गुणांक दिले आहेत (पहा : वैदिक देवता).

ही निवड मुख्यतः क्लेरिक या पुरोहितवर्गीय पात्राची असते. इतरांना ती बहुधा ऐच्छिक आहे. तिसऱ्या आवृत्तीत (२०००) दैवताच्या अधिकारक्षेत्रांपैकी दोन निवडावी लागत व त्यांतून जादा मंत्र मिळत. पात्राची नैतिक प्रवृत्ती दैवताच्या प्रवृत्तीपासून एका पायरीहून अधिक दूर चालत नसे. तत्त्वनिष्ठ क्लेरिकाला मात्र दैवताविनाही राहता येई. पाचव्या आवृत्तीत (२०१४) एकच अधिकारक्षेत्र उरले आणि प्रवृत्तीचे बंधन सुटले.

कथाविश्वानुसार नियम बदलतात. फरगॉटन रेल्म्समध्ये देव प्रत्यक्ष हस्तक्षेप करतात. एबेरॉनमध्ये (२००४) त्यांचे अस्तित्वच अनिश्चित असून क्लेरिकाची प्रवृत्ती दैवताच्या विरुद्धही असू शकते.

निवडलेल्या दैवतातून पात्राची व्रते, निषिद्धे व वैरी ठरतात आणि खेळसंचालकास कथानकाचे धागे मिळतात. त्यामुळे अधिकारक्षेत्राच्या लाभापेक्षा निवडीची ही बाजू अधिक काळ परिणाम करते.