एंजिन तेल, जुन्या मोटारगाड्यांचे
मोटारगाडीच्या एंजिनातील दट्ट्या, धारवे (बेअरिंग), कॅम इ. परस्परांवर घासणाऱ्या भागांमध्ये पातळ पटल निर्माण करून झीज कमी करणारे, उष्णता वाहून नेणारे व गंज टाळणारे तेल म्हणजे एंजिन तेल होय. वर्षातील मोजके दिवसच रस्त्यावर येणाऱ्या जुन्या गाडीसाठी ते निवडताना सर्वांत नवे ते सर्वांत चांगले, हा समज पुरेसा ठरत नाही. त्याची कारणे तेलाच्या इतिहासात सापडतात.

प्रारंभीच्या अनेक गाड्यांत तेल एकदाच वापरले जाऊन जळून वा गळून जाई. त्यामुळे ते किती काळ टिकते, हा प्रश्न फारसा उद्‌भवत नसे. ब्रिटनमध्ये वेकफील्ड कंपनीने १९०९ मध्ये कॅस्ट्रॉल या नावाने विक्रीस आणलेल्या तेलात एरंडेल मिसळलेले असे. तापलेल्या धातूला एरंडेल घट्ट धरून राहते. मात्र गाडी उभी राहिली की त्याचा राळेसारखा चिकट थर बनतो. पुढे खनिज तेलांनी त्याची जागा घेतली. अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोबाइल एंजिनिअर्स या संस्थेने १९११ मध्ये श्यानतेनुसार (दाटपणानुसार) तेलांचे वर्गीकरण केले. डब्यावरील ३०, ४०, २० डब्ल्यू–५० हे अंक त्याच परंपरेतील आहेत. ते दाटपणा दाखवितात, प्रत नव्हे. हा भेद पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

शुद्ध खनिज तेलात पूरक द्रव्ये घालण्यास १९३० नंतरच्या दशकात वेग आला. काजळी तरंगत ठेवणारी प्रक्षालक द्रव्ये प्रथम डीझेल एंजिनांसाठी वापरात आली. १९४० नंतरच्या दशकात झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट हे संयुग आले. ते प्रथम धारव्यांचे संक्षारण व तेलाचे ऑक्सिडीभवन रोखण्यासाठी वापरले गेले. झीज रोखण्याचा त्याचा गुण नंतर ध्यानात आला आणि पुढे तोच महत्त्वाचा ठरला. जुन्या एंजिनात कॅम सपाट टॅपेटवर घासत फिरतो व तेथील दाब फार मोठा असतो. तेलाचे पटल तुटले, तरी या संयुगापासून बनलेला थर धातूंचा थेट स्पर्श टाळतो.

अमेरिकेत १९७५ च्या नमुन्यांपासून गाड्यांत उत्प्रेरक परिवर्तक बसू लागले. जळणाऱ्या तेलातील फॉस्फरस त्यांना निकामी करतो. म्हणून पेट्रोल एंजिनांच्या तेलातील फॉस्फरसाची मर्यादा १९९० नंतरच्या दशकात ०·१० टक्क्यावर व २००४ मध्ये ०·०८ टक्क्यावर आणण्यात आली. भारतात चार महानगरांतील नव्या पेट्रोल गाड्यांना परिवर्तक १९९५ पासून आवश्यक झाले. मुंबईतील कुर्ला येथे बनलेली प्रीमियर पद्मिनी किंवा उत्तरपाडा येथील अँबॅसडर यांच्या जुन्या एंजिनांत सपाट टॅपेट आहेत. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास व अँबॅसडरचे २०१४ मध्ये थांबले असल्याने झिजलेला कॅमदंड बदलणे आता सोपे राहिलेले नाही.

तथापि नव्या तेलांविषयीची भीती बरीच अतिरंजित आहे. ०·०८ टक्क्याची मर्यादा मुख्यतः ५ डब्ल्यू–३० सारख्या इंधन वाचविणाऱ्या पातळ तेलांना लागू होते. २० डब्ल्यू–५० सारख्या दाट तेलांत अधिक फॉस्फरस चालतो. अशा गाड्या दाट तेलासाठीच घडविलेल्या असून आपल्या उष्ण हवामानात तेच योग्य ठरते. मात्र वरून जस्तयुक्त द्रव्याची बाटली ओतण्याचा उत्साह हितकर नाही. त्याचे प्रमाण फार वाढल्यास धातूलाच अपाय होऊ शकतो.

क्वचित चालणाऱ्या गाडीचा खरा शत्रू पाणी आहे. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे एक लिटर पाणी बाष्परूपाने निर्माण होते. थंड एंजिनात त्यातील काही अंश दट्ट्याच्या कड्यांवरून खाली उतरून तेलात साचतो व आम्ले तयार होतात. तेल भरण्याच्या झाकणाखाली दिसणारा पांढुरका लोण्यासारखा थर ही त्याची खूण होय. तेलातील अल्कधर्मी द्रव्ये आम्लांचे उदासिनीकरण करता करता संपत जातात. म्हणून अशा गाडीचे तेल किलोमीटरांवर न मोजता निदान वर्षातून एकदा बदलावे लागते. कोकण-मुंबईच्या दमट हवेत गाडी पावसाळ्यासाठी झाकून ठेवण्यापूर्वी ते बदलणे सोयीचे, कारण जुने आम्लयुक्त तेल चार महिने धारव्यांवर राहत नाही. दर काही दिवसांनी एंजिन पाच मिनिटे जागेवर चालविण्याच्या प्रघाताने पाण्यात भरच पडते. ते उडून जाण्यासाठी गाडी सुमारे अर्धा तास रस्त्यावर चालवून तेल पुरते तापवावे लागते.

फार जुन्या, प्रक्षालकरहित तेलावर वर्षानुवर्षे चाललेल्या गाडीत एकदम प्रक्षालक तेल भरल्यास तळाशी बसलेला गाळ सुटून तेलमार्ग तुंबण्याचा धोका असतो. अशा गाडीचे तेलपात्र प्रथम उतरवून साफ करतात व पहिले नवे तेल थोड्याच अंतरानंतर काढून टाकतात.